पेटीतलं एक 'नाही'

"पण बाबा, तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

अंबादासचा आवाज चढला होता. भैरवपुरी गोसावी मठाच्या पायरीवर घोंगडी झटकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी देशभर सार्वमत होतं. खटला न चालवता कुणालाही तुरुंगात डांबायचा हक्क सरकारला द्यायचा का? हो किंवा नाही. मोजणी संध्याकाळी, गावातच.

म्हाताऱ्यांनी उत्तर ठरवून टाकलं होतं. हयातीत वरच्या साहेबाला एक प्रश्न न विचारलेली माणसं ती. त्यांनी सकाळी खंडोबाच्या देवळात सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावला. आपल्या पेटीत एकही 'नाही' निघता कामा नये, अशी शपथ. मग हळद कपाळाला लावून जो तो घरी.

अंबादासचं कपाळही पिवळं होतं.

"उचललास ना?"

"हातानं उचलला. मनानं नाही."

"वा वकीलसाहेब."

"जबरदस्तीची शपथ मी मानत नाही. मी 'नाही'वरच शिक्का मारणार. मतदान गुप्त आहे. कुणाला कळणार?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर."

"पेटीत एक 'नाही' निघालं, की गाव कुणाचं नाव घेईल?"

अंबादासनं खाली गावाकडं पाहिलं.

गावात भंडारा न उचललेला माणूस एकच होता. कासम पिंजारी. तो खंडोबाचा नाही म्हणून म्हाताऱ्यांनी त्याला बोलावलंच नव्हतं. आपण काय करून ठेवलं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. की आलं होतं, कोण जाणे.

"त्याच्या घरात कापूस आहे, बाबा."

"छतापर्यंत. एक काडी पुरे."

"म्हणजे मी 'हो' म्हणू?"

"मी म्हणालो तसं?"

"तुम्ही तरी नाकारायचं होतं. तुमचं ऐकलं असतं त्यांनी."

"पहिला मीच उचलला."

"भीतीनं?"

"मग काय भक्तीनं?"

...

खाली चावडीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं. अंबादास दचकला. गोसावीही दचकले.

मग त्यांनी कफनीच्या बाहीनं कपाळ पुसलं. हळद निघेना. थुंकी लावून पुन्हा घासलं, कातडी लाल होईपर्यंत. घोंगडीची वळकटी करून काखेत मारली.

"कुठं निघालात?"

"कासमच्या ओट्यावर. मोजणी होऊन गाव थंड होईपर्यंत तिथंच झोपणार."

"मारतील तुम्हाला."

"मारतील."

गोसावी पायऱ्या उतरू लागले. अंबादास दोन पायऱ्या मागोमाग आला आणि थांबला.

"आणि माझं मत, बाबा? मी काय करू?"

"उद्या रात्री तू कुठं झोपणार आहेस, ते आधी सांग."