हातभर अंतरावरचा रंग

एकदा एक वृद्ध रंगभूषाकार होते. नाटकमंडळीत चाळीस वर्षे त्यांनी राजे रंगवले, राण्या रंगवल्या. सगळे त्यांना तात्या म्हणत. असा हात पुन्हा होणे नाही, असे जाणकार सांगत, आणि माझेही मत तेच आहे. कुंदा त्यांची शिष्या. सहा वर्षे त्यांच्याजवळ शिकल्यावर तिला एका लग्नात नवरी सजवण्याचे पहिले स्वतंत्र काम मिळाले. आज चार माणसांनी आपले नाव घ्यावे, एवढीच तिची इच्छा होती. त्यात गैर काहीच नव्हते.

नवरीचे नाव मालन. वर्ण गव्हाळ, हनुवटीवर तीळ, हसली की डोळे अगदी बारीक होत. कुंदाने जीव ओतून काम केले. वर्ण उजळवला, तीळ झाकला, भुवया कोरल्या. बायका बघतच राहिल्या.

"अगबाई, ही आपलीच मालन का?" मावशी म्हणाली.

शिष्येचे पहिले काम बघायला आलेले तात्या कोपऱ्यातून उठले. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी एक टोक मावशीच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि अंतरपाटासारखे ते नवरीपुढे आडवे केले.

"कुंदा, पलीकडे उभी राहा. नवरदेवाच्या जागी."

ती गोंधळून उभी राहिली. "सावधान," असे म्हणत तात्यांनी उपरणे खाली केले.

समोर एक सुंदर चेहरा होता. पण कुंदाला त्यात मालन सापडेना. रंगाला तडा जाईल म्हणून ती हसतही नव्हती.

"ते मला ओळखतील ना गं?" मालनने हळूच विचारले.

कुंदाचे तोंड एवढेसे झाले.

"हात तुझा सोन्याचा आहे, पोरी," तात्या म्हणाले. "पण तू शेवटच्या रांगेसाठी रंगवलंस. आपल्याला सवयच ती. लांबच्या माणसाला डोळे दिसावेत म्हणून आपण चेहऱ्यावर चेहरा चढवतो. इथे प्रेक्षक एकच, तोही हातभर अंतरावर. त्यानं जिला होकार दिला, तीच त्याला दिसायला हवी. पूस सगळं. मुहूर्ताला अजून पाऊण तास आहे."

तेलाने रंग उतरवला. तात्यांनी मालनला खिडकीपाशी उजेडात बसवले आणि सहज विचारले, "काय गं, नवरदेव पहिल्यांदा काय बोलले तुझ्याशी?"

"म्हणाले, चहात साखर नाहीये, पण अजून एक कप चालेल." मालन लाजली, खुदकन हसली.

"बघ कुंदा, गाल कुठे फुलला तो. तिथेच लालीचं बोट टेकव. जास्त नको."

कुंदाने बोट टेकवले. काजळाची बारीक रेघ ओढली. तिळाला हात लावला नाही.

अंतरपाट दूर झाला. नवरदेव क्षणभर पाहत राहिला आणि ओळखीचे हसला. मालनही हसली, डोळे बारीक करून. मागच्या दोघीजणी कुजबुजल्या, "किती गोड दिसते! तोंडाला काही लावलेलंच नाही."

कुंदाने मान खाली घातली. तिला वाईट वाटले.

"ऐकलंस?" तात्या हलकेच म्हणाले. "टाळ्या मला पुष्कळ मिळाल्या. असं कौतुक चाळीस वर्षांत एकदाही वाट्याला आलं नाही."

पंगतीत त्या दोघींपैकी एक कुंदाच्याच शेजारी बसली. "तू काय करतेस गं?"

"नवऱ्या सजवते."

"मग आज नाही का बोलावलं तुला?"

कुंदाने मांडवात हसणाऱ्या मालनकडे पाहिले.

"आजच्या नवरीला गरजच नव्हती, काकू," ती म्हणाली, आणि अजून एक जिलबी वाढून घेतली.