बिनलेबलाच्या दोन बाटल्या

"ब्रँडी किती, मास्तर? मापात सांगा, अंदाजात नको."

निशिकांतनं तिसऱ्यांदा विचारलं. मांडीवर वही उघडी होती, पेनचं टोपण दातात होतं.

बस्त्याव मास्तर संत्रं सोलत बसले होते. तीस वर्षं त्यांनी प्रवासी बोटींवर बार सांभाळला, आणि आता वसईत, केळीच्या वाडीमागच्या घरात ते एकटे राहत. निशिकांतला ग्लास धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"रमच्या निम्मी," ते म्हणाले. "संत्रं गोड निघालं तर कमी."

"गोड म्हणजे किती गोड?"

"चाखायचं आणि ठरवायचं."

निशिकांतनं 'निम्मी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

शनिवारी त्याच्या हॉटेलात नवा बार उघडणार होता. टिकी म्हणतात तसला, दूरच्या बेटांवरच्या झोपडीसारखा सजवलेला. दात विचकणाऱ्या मूर्तीच्या आकाराचे मग आणि त्यात मास्तरांच्या कृतीनं केलेलं रम-ब्रँडीचं थंडगार पेय. मुख्य माणूस निशिकांत. नुसत्या वासावरून रमचं वय सांगणारा अशी त्याची ख्याती, आणि ती डोक्यात गेल्यामुळे तो नाकानं कांदेही सोलायचा. चव कशी वाटली हे त्यानं गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. काय वाटायला हवं ते तोच सांगायचा.

तीन आठवड्यांपूर्वी ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला.

त्याला ते कळलं स्वयंपाकघरात. दूध करपून पातेलं काळं झालं, बायको आतल्या खोलीतून धावत आली, आणि हा ओट्याला टेकून उभा. "लक्ष नव्हतं," तो म्हणाला. तेव्हापासून तो सगळ्यांना भीत होता. बायकोला, हाताखालच्या माणसांना, जेवताना "मस्त झालंय" म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेलाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण शनिवारी ती उघडणार होती. आणि बार सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून तो वही घेऊन आला होता. सगळं मापात बसलं, तर नाक लागतं कशाला?

"वही ठेव," मास्तर म्हणाले. "करून दाखव."

त्यांनी फडताळातून दोन बाटल्या काढल्या. जुन्या सरबताच्या, लेबलं कधीच सुटून गेलेली. दोन्हींत रंग एकच, कोऱ्या चहाचा.

"एकीत रम, एकीत ब्रँडी. घरचा कारभार असाच असतो."

निशिकांतनं एक बाटली नाकाशी धरली. नुसतं चुरचुरलं…

दुसरी धरली. तेच.

त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर संत्र्याच्या शिरा काढत होते. वर बघत नव्हते.

"ही रम," तो म्हणाला. आवाज त्यानं ठाम ठेवला.

"बरं."

त्यानं रम ओतली, निम्मी ब्रँडी, संत्र्याचा रस, लिंबू, बदामाचं सरबत. बर्फ फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत हलवलं. मग सवयीप्रमाणे स्ट्रॉ बुडवली, वरच्या टोकावर बोट दाबलं आणि थेंब जिभेवर सोडला.

आंबट. गोड. जाळ. बस्स.

"काय येतंय?" मास्तरांनी विचारलं.

"आधी संत्रं. मग रमचा गूळ. ब्रँडी शेवटी, मागून, हळूच."

मास्तरांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बाहेर वाडीत कुणीतरी केळीची पानं कापत होतं.

"बोला ना, मास्तर."

मास्तर संत्र्याच्या बिया गोळा करू लागले.

"मास्तर… कसं झालंय?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच तो ऐकू आला. तो स्टुलावर बसला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "ताप आल्यापासून. डॉक्टर म्हणतात, येईल. कदाचित नाहीही. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

"मला कळलं होतं."

"कधी?"

"संत्र्याचं साल फुटलं तेव्हा. तू नाक वर केलं नाहीस."

मास्तरांनी बाटल्यांकडे बोट केलं.

"रम म्हणून ब्रँडी घेतलीस."

निशिकांतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांनी उरलेलं पेय घोट घोट संपवलं.

"शनिवारी मी काय करू, मास्तर?"

"बार उघड."

"आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं ओळखलं तर?"

मास्तरांनी दोन्ही बाटल्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"तर त्याला काउंटरच्या आत घे. नाक त्याचं, हात तुझे."