पारव्याची पाठ

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की राजाला आपलं राज्य कुठे संपतं हे ठाऊक नव्हतं आणि डोंगरातल्या माणसांना राजा कोण हे ठाऊक नव्हतं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक वैदीणबाई राहायची. माथ्यावरच्या वस्तीत कुणी बाळंत व्हायचं असलं, कुणाला ताप चढला, की ती पारवा नावाच्या आपल्या घोड्यावर बसून घाट चढायची. पायी गेलं तर वाटेतच दिवस मावळे. घोड्यावरून दुपारच्या आत पोचता येई, म्हणून वरच्या लोकांची सगळी भिस्त पारव्यावर होती.

एके वर्षी पारव्याची पाठ दुखू लागली. खोगीर दिसलं की तो कान मागे पाडी, पाठ खाली दाबून घेई आणि जागचा हलत नसे.

सल्ला द्यायला माणसं कायम मोकळीच असतात. लोहार म्हणाला, नाल बदला. खोगीर शिवणारा म्हणाला, खोगीर बदला. शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा. बाईने सगळं केलं. वर आपलं तेल चोळलं आणि पावसाळाभर त्याला नुसतं चरायला सोडलं. सूज उतरली. पण खोगीर पुढे केलं, तर पुन्हा तेच!

बाई गोंधळून गेली. अर्ध्या मुलखाच्या कमरा तिने बऱ्या केल्या होत्या.

"अरे, दुखतंय तरी कुठे?" तिने विचारलं.

"तेच तर मला कळत नाही, बाई," पारवा म्हणाला. त्या काळी घोडे बोलत, पण म्हणून त्यांना सगळं कळत असे असं नाही. "खोगीर नसलं की दुखत नाही. आणि दिसलं, की पाठीवर यायच्या आधीच दुखतं."

हे ऐकून बाईचा गोंधळ आणखी वाढला.

एकदा ती त्याला मोकळाच घेऊन घाट चढू लागली. औषधांची पिशवी तिच्या खांद्याला, पारवा पुढे. पाहते तर पाठीवर काहीच नसताना तो उजवीकडे झुकून चाललेला.

"पारव्या, सरळ चाल की."

त्याने मागे वळून पाहिलं. "मी सरळच चालतोय. वाकडी तर तू चालतेयस."

बाईने आपल्या अंगाकडे पाहिलं. उजवा खांदा खरंच खाली गेला होता. घाट चढताना उजवीकडे डोंगर आणि डावीकडे दरी. पिशवीचा बंद तुटला तर औषधाच्या कुप्या दरीत जाऊ नयेत म्हणून तिथले सगळेच आपलं सामान डोंगराच्या बाजूला अडकवत. दरीच्या भीतीने बाई स्वतःही त्याच बाजूला कलून बसे. उतरताना पिशवी रिकामी आणि बाई पायी. म्हणजे इतकी वर्षं सगळा भार घोड्याच्या एकाच कुशीवर पडला होता. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने पारव्याला पुन्हा चालायला शिकवलं. अंगणात बांबू आडवे टाकले. मान खाली घालून, पाय उचलून तो ते ओलांडू लागला, तशी त्याची दबलेली पाठ वर येऊ लागली. मग ती त्याला डावीकडे गोल फिरवू लागली. त्या बाजूला वळताना तो आखडे.

"सरळ करायला निघालीस आणि गोल फिरवतेस?" तो कुरकुरला.

"मलाही नीट उमगत नाही रे. पण कालच्यापेक्षा आज तू सैल वळलास."

हळूहळू पाठीवर आधी नुसतं कापड आलं, नंतर रिकामं खोगीर, आणि शेवटी पिशवीचे दोन सारखे भाग, दोन्ही बाजूंना. "औषधं दरीकडे?" लोक हसले. बाई मात्र रोज थोडा वेळ अंगणात त्याच्यावर बसू लागली.

अशात एका सकाळी वस्तीवरचा एक माणूस रात्रभर घाट उतरून धापा टाकत आला. "बाई, माझी बायको अडलीये. चला लवकर!"

बाई पारव्यावर बसली. अर्धा घाट बरा गेला. अरुंद वळणावर मात्र पारवा थांबला. खाली खोल दरी होती.

"चल रे बाबा, तिथे दोन जीव अडकलेत!"

"मला चालायचंय," पारवा काकुळतीला येऊन म्हणाला. "पण तू सरळ चाल म्हणतेस आणि अंग टाकतेस उजवीकडे. मी ऐकू तरी कुणाचं?"

बाई चपापली. भीतीने ती पुन्हा डोंगराकडे कलली होती. तिने दात आवळले, दरीकडचा पाय खाली सोडला आणि ती मधोमध बसली.

पारव्याने मान खाली घातली, पाठ उचलली आणि तो वळण पार करून गेला.

दुपारच्या आत वस्तीवर बाळाचं रडणं ऐकू आलं. आईही सुखरूप होती. पुढे बाई जेव्हा जेव्हा कलली, तेव्हा तेव्हा पारवा जागच्या जागी थांबला, आणि ती कधीही त्याच्यावर रागावली नाही.

बोध: ज्याला सरळ चालायला शिकवायचं, त्याच्या पाठीवर आधी आपण सरळ बसायला शिकावं.