गुरुजींच्या गळ्यातला हार

फार जुनी गोष्ट. तेव्हा वानरांची पोरं उड्या मारायला शिकायलासुद्धा शाळेत जात. वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना पलीकडच्या रानातून नवे गुरुजी बदलून आले, तेही गळ्यात निरोपाचा ताजा हार मिरवत. सगळे खूश झाले. करडी नावाच्या वानरीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एवढा गुणी मास्तर त्या रानातल्यांनी सोडलाच कसा?

महिन्याभरात तिचं पिल्लू शाळेचं नाव काढलं की तिला घट्ट बिलगू लागलं. तिने नीट पाहिलं, तर त्याच्या शेपटीवर दातांचे व्रण होते.

करडी तडक पंचांकडे गेली. "गुरुजी पोरांना चावतात. चौकशी करा."

"हळू बोल, बाई," म्होरक्या म्हणाला. "शाळेची अब्रू जाईल. त्यांची बदली करतो, मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी पंचांनी गुरुजींना हार घातला, चार गोड शब्द ऐकवले आणि डोंगरापलीकडच्या रानात धाडून दिलं.

आठवड्याने नदीपलीकडून दुसरे गुरुजी आले. टाळ्या वाजल्या. करडीने पिल्लाला पोटाशी धरलं आणि त्यांची वाट अडवली.

"गुरुजी, गळ्यातला हा हार कशाबद्दल मिळाला?"

गुरुजींनी हार काढला आणि हळूच पाठीमागे लपवला.