परस बाळंतीण आहे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तुम्ही म्हणाल तितकी, वर आणखी दहा. आमच्या हिंगणदरीत तेव्हा भिवरा नावाची सुईण होती. थंडी अशी पडायची की सकाळी रांजणातल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा, आणि सासवा-सुना भांडण सोडून एका चुलीशी बसायच्या, असं म्हणतात. पापुद्र्याचं खरं असेल. सासवा-सुनांचं मला पटत नाही.

अर्धा गाव भिवराच्या हातांत जन्मला होता. तिच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा कधी हलला नाही. त्याबद्दल ती कुणापाशी बोलली नाही. पण मार्गशीर्ष लागला की तिचे हात परसाकडे वळायचे.

दिवाळी झाली की सारा गाव आपापलं परस झाडायचा आणि पालापाचोळा पेटवायचा. भिवरा पेटवायच्या आधीच तो पाला पाटीत भरून घरी आणायची. कोपऱ्यात त्याचा पुरुषभर ढीग लावायची. कडब्याच्या पेंढ्या भिंतीला तिरक्या टेकवून आत पोकळी ठेवायची. फुटकी मडकी आडवी निजवून त्यांत कापूस सारायची. झेंडूची वाळली झाडं उपटायची नाही, कुंपणाला बाजरीची कणसं बांधायची, आणि रोज सकाळी परातीत कोमट पाणी ठेवायची.

“कोमट कशाला गं?” बायका विचारायच्या.

“नाजूक जिवाला गार पाणी देतेस होय गं तू? तुझ्या वेळी मी दिलं होतं?”

मग त्या परसात ससे आले, मुंगसं आली, सरडे, बेडूक, तित्तर आले. एका वर्षी कोल्हा आला आणि सशाच्या पाठीला पाठ लावून झोपला, असं म्हणतात. आमच्या गावात दोन भाऊ असे झोपल्याचं मी पाहिलेलं नाही.

एका पौषात गावच्या पाटलाला भिवराच्या कुंपणावर सापाची कात दिसली. पाटलाचं नाव केरबा. आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून जन्मताच भिवरानं त्याला केरात लोळवून केरबा नाव ठेवलं होतं. तर त्याच केरबाला केर बघवेना. हातात पेटती चूड घेऊन तो चार माणसांसह आला.

“भिवराकाकू, बाजूला व्हा. हा उकिरडा आज जाळायचा.”

ढिगात एक मुंगशी व्यायला टेकली होती. बाहेर थंडी, पाटलाच्या हातात आग. पळून जाणार कुठं? भिवरा दारात आडवी झाली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या दारात म्हणत आलेलं वाक्य पहिल्यांदा स्वतःच्या दारात म्हणाली,

“आत यायचं नाही. परस बाळंतीण आहे.”

चौघं हसले. पाटील हसला नाही.

“काकू, माझी चेष्टा करता?”

“तुझ्या आईच्या खोलीत तुझा बाप आला होता का रे? दहा दिवस सोयर. बाराव्या दिवशी बारशाला ये. पाळण्यात बाळ दिसलं नाही, तर मी माझ्या हातानं पेटवीन.”

सुईणीचा शब्द ओलांडायची रीत नव्हती. पाटील चूड घेऊन माघारी गेला. आणि गाव बारा दिवस पोट धरून हसला.

भिवरा हसत नव्हती. थंडी वाढत गेली. झाडांवरची पाखरं टपाटप पडायची, ती भिवरा पदरात गोळा करून कडब्यात ठेवायची. चौथ्या दिवशी तिनं स्वतःची गोधडी ढिगावर घातली. सातव्या दिवशी अंगावरचं लुगडं तेवढं राहिलं. तिच्या परसावर मात्र दहिवर पडायचंच नाही, वरच्या वर वितळायचं, असं म्हणतात.

बाराव्या दिवशी सकाळी सारा गाव जमला. भिवरानं लिंबाच्या फांदीला पाळणा टांगला होता. रिकामा.

“बाळ कुठाय?” पाटील म्हणाला.

“ढिगात. हात घाल. माझे हात गारठलेत, त्याला सोसायचे नाहीत.”

पाटलानं पेटती चूड पायाशी रोवली, कोपरापर्यंत हात घातला आणि थांबला. आत आईच्या कुशीइतकी ऊब होती. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर मुंगसाचं पिल्लू होतं, डोळे मिटलेलं, बोटाएवढं. ते पाटलाचा अंगठा चोखायला लागलं. मागं ढिगात मुंगशी बसून बघत होती, चावली नाही. चूड विझली ती लिंबानं दहिवर झटकलं म्हणून, असं म्हणतात. पाटलाच्या डोळ्यांतल्या पाण्यानं विझली, असं मी म्हणतो. पण पाटलाच्या घरात हे सांगू नका, चहा मिळायचा नाही.

पाळण्यात पिल्लू ठेवलं. भिवरानं विचारलं, “आत्या कोण?”

कोणीच पुढं येईना.

“मग केरबा, तूच वाक.”

गावचा पाटील वाकला. पिल्लाच्या कानात “कुर्रर्र” केलं. आणि बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीतच आहे, तेव्हा गावच्या सगळ्या बायांनी कितीएक सालांचा भरलेला सारा वसूल करून घेतला.

त्यानंतर पुष्कळ हिवाळे गेले. एका पौषात भिवरा परसात पाणी ठेवायला गेली, ती घरात आलीच नाही. ढिगात माणसाएवढा खळगा सापडला, ऊबदार, आणि त्यात ससे निजलेले. गावानं तो ढीग उकरला नाही.

आजही हिंगणदरीत मार्गशीर्षापासून रथसप्तमीपर्यंत परसाला खराटा लागत नाही. पाहुण्यानं नाक मुरडलं, तर घरची बाई सांगते, “हळू बोला, परस बाळंतीण आहे.” रथसप्तमीला प्रत्येक परसात पाळणा टांगतात, घुगऱ्या वाटतात. आणि गावच्या पाळण्याशी सरपंच वाकतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. बाया भिवराचं नाव घेतात आणि पदर खोचतात. मागच्या खेपेला सरपंचबाई निवडून आल्या होत्या. त्याही वाकल्या. पहिला धपाटा त्यांच्या सासूनं घातला.