दूताचा काळा कोट

फार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावी एझ्रा व्हिटकोम नावाचा चामड्याचा व्यापारी राहत असे. त्याला निवडणुकांचा भारी नाद. त्या काळी तिकडे पुढारी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभे राहून भाषण करीत. एझ्रा साधा काळा कोट घालून बुंध्यावर चढे आणि छातीवर हात ठेवून म्हणे, "मी पुढारी नाही, तुमचा नोकर आहे. मला नोकर म्हणूनच हाक मारा!"

लोक खूश होत. टॅबिथा नावाची एक विधवा त्याला सभेनंतर आग्रहाने घरी जेवायला नेई. तिचा एकुलता एक मुलगा सायलस जहाजावर खलाशी होता. गावी असला की तो एझ्राला खांद्यावर घेऊन मिरवी.

एझ्रा निवडून आला. राजधानीत त्याचे वजन वाढले. पुढे त्याच्या पक्षाचा माणूस देशाचा अध्यक्ष झाला आणि बक्षीस म्हणून एझ्राला समुद्रापलीकडच्या एका राजाच्या दरबारी राजदूत नेमले. सरकारचा हुकूम होता की, आपल्या देशात राजा नाही, तेव्हा आपल्या दूताने जरीचा पोशाख करू नये, घरचा काळा कोटच घालावा. एझ्राला हा हुकूम फार आवडला. त्यावरही त्याने एक भाषण ठोकले.

त्याच सुमारास सायलसचे जहाज त्या राजाच्या बंदराला लागले. गुत्त्यात मारामारी झाली, एक शिपाई मेला आणि पकडला गेला सायलस. त्याने हातसुद्धा उगारला नव्हता. पण परक्या मुलखात त्याचे ऐकतो कोण? त्याला फाशीची शिक्षा झाली. माफी फक्त राजा देऊ शकत होता. वाढदिवसाच्या मेजवानीत, मेजावरून उठेपर्यंत, राजा कोणाचीही विनंती ऐके. आणि मेजवानीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सायलसला फाशी होती.

राजाकडे सायलससाठी माफी मागायची म्हणून एझ्रा मेजवानीला गेला. जिकडेतिकडे जरीचे पोशाख, पदके आणि पिसांच्या टोप्या. काळे कोट होते ते फक्त वाढप्यांच्या अंगावर. आणि एझ्राच्या. एका सरदारीणबाईने न बघताच आपला रिकामा पेला त्याच्या हातात दिला. तेवढ्यात मुदपाकखान्याचा कारभारी आला आणि भरलेले तबक पुढे करून खेकसला, "उभा काय राहिलास? जा, महाराजांना वाढ!"

राजाजवळ जायला मोठमोठे दूत ताटकळत होते आणि याची वाट आपोआप मोकळी झाली होती! तबक घ्यायचे, राजाजवळ जायचे, वाकून सायलसचे नाव सांगायचे. एवढेच.

एझ्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तबक जमिनीवर आपटले. "मी काय नोकर वाटलो तुम्हाला?" असे ओरडून तो तरातरा बाहेर पडला.

त्याच्या कचेरीतला कारकून मागोमाग धावला. "साहेब, महाराज अजून मेजावर आहेत. परत चला. सायलसचं काय?"

"आधी त्यांनी माझी माफी मागावी," एझ्रा म्हणाला आणि बग्गीत बसून घरी गेला.

माफी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, राजाच्या खास बग्गीतून, फुलांसकट आली. सायलसला सकाळीच फासावर चढवले होते. माणूस असे करू शकतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पुढे एझ्रा गावी परतला आणि पुन्हा त्याच बुंध्यावर चढला. त्याला कसली लाज नव्हती, उलट अभिमानच होता. तो गरजला, "त्यांनी मला नोकर समजलं! पण मी देशाचा अपमान सहन केला नाही. तबक तिथंच आपटलं!"

काहींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गर्दीतून टॅबिथा पुढे आली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढेच विचारले, "एझ्रा, ते तबक फार जड होतं का रे?"

टाळ्या थांबल्या. लोक आपापल्या घरी निघून गेले. टॅबिथा मात्र उत्तराची वाट पाहत तिथेच उभी राहिली.

तात्पर्य: स्वतःला लोकांचा नोकर म्हणवणे सोपे असते; कोणी खरोखर नोकर समजून हातात तबक दिले, म्हणजे माणसाला आपला मान मोठा वाटतो की दुसऱ्याचा जीव, हे कळते.