सरकारजमा एक एमबी

आठ टेराबाइटची एकच डिस्क दोन संगणकांवर चालवायची, आणि त्या दोघांची एकही सवय एकमेकांशी जुळत नाही, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

शिलंगडाच्या राजे भैरोजीरावांनी नेमका हाच हुकूम सोडला होता. उन्हाळ्याचे चार महिने राजे गडावर राहत आणि उरलेले आठ महिने पायथ्याच्या राजवाड्यात. राज्याचं सगळं दप्तर लिनक्स या संगणकप्रणालीवर होतं. राजे जातील तिथे ते एकाच डिस्कवरून त्यांच्याबरोबर जायला हवं होतं.

गडावरचा संगणक जुना, बायोस नावाच्या पद्धतीने सुरू होणारा. तो डिस्कची अगदी पहिली ओळ वाचतो आणि तिथं सांगितलं असेल तिकडे जातो. राजवाड्यातला नवा, ईएफआय पद्धतीचा. तो पहिल्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही. आपल्यासाठी राखलेली एक लहान खोली शोधतो आणि तिथली फाइल उघडतो.

राज्यात एक जुना कायदाही होता. जी जागा रिकामी दिसेल ती सरकारजमा. राजांनी तो डिस्कलाही लावला.

"शनिवारपर्यंत दोन्ही संगणक या एका डिस्कवर सुरू झाले पाहिजेत," राजे म्हणाले. "नाही झाले तर गडावरचा संगणक तळ्यात, आणि त्याचा राखणदार घरी."

राखणदार होते सखोजी. बावीस वर्षं ते सकाळी गडाखालचं शेत बघत आणि दुपारी संगणक. त्यांनी एकदा तळ्याकडे बघितलं.

काम दरबारचे यंत्रपंडित श्रीनिधीशास्त्री यांच्याकडे गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी जुन्या पद्धतीने डिस्कची मोजणी केली. त्या पद्धतीला दोन टेराबाइटच्या पुढे मोजता येत नाही.

"उरलेले सहा कुठे गेले?" राजांनी विचारलं.

"आहेत महाराज. फक्त दिसत नाहीत."

"न दिसणारी जमीन माझ्या राज्यात नसते."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी नव्या पद्धतीने मोजणी केली. आठही टेराबाइट दिसले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांनी सुरुवातीला एक एमबीची मोकळी पट्टीही सोडली आणि जुन्या संगणकाला सुरू करणारा मजकूर तिच्यात उतरवला. पण बाहेरून पट्टी रिकामीच दिसत होती, आणि त्यांना कायदा आठवला. म्हणून त्यांनी पट्टी फॉरमॅट केली, म्हणजे पुसून कोरी केली, आणि तिच्यात राजघराण्याची वंशावळ ठेवली.

राजवाड्यातला संगणक छान सुरू झाला. गडावरचा वंशावळ वाचायला गेला आणि तिथेच थिजला.

"जुना झालाय," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्याला तळंच बरं."

शनिवारी सकाळी राजांबरोबर गडावर संगणक उचलायला चार हमाल आले. त्यांच्या आधी सखोजींची मुलगी गजरा दारात येऊन उभी होती. बापाच्या हाताखाली तिने या संगणकाचा पंखा किती वेळा पुसला होता याची गणती नव्हती.

"महाराज, मला एक तास द्या. आणि राजवाड्यातला संगणक वर आणवा."

"वर कसा आणवू?"

"पालखीतून."

राजे हट्टी होते, पण गंमत बघायला तयार असत. नवा संगणक पालखीतून गडावर आला. पालखीला वाटेत दोघांनी नमस्कार केला.

गजराने दप्तराची नक्कल बाजूला काढून ठेवली आणि डिस्कची नव्या पद्धतीने मोजणी केली. सुरुवातीला एक एमबीची पट्टी, तिच्यापुढे पाचशे एमबीची लहान खोली, आणि बाकी सगळी जागा लिनक्सला आणि दप्तराला. मग सुरू करणारा प्रोग्रॅम तिने दोनदा बसवला. एकदा बायोससाठी पट्टीत, एकदा ईएफआयसाठी लहान खोलीत. पट्टीत मात्र कुणाची वंशावळ ठेवली नाही.

डिस्क जुन्या संगणकाला जोडली. सुरू झाला. काढून नव्याला जोडली. तोही सुरू झाला.

शास्त्रीबुवा पडद्यावर वाकले. "महाराज, ही पहिली पट्टी बघा. रिकामी आहे."

राजांच्या कपाळाला आठी पडली. "पोरी, हे काय?"

"महाराज, शेतात खळं असतं ना, तसं आहे ते."

"म्हणजे?"

"खळ्यात कुणी पेरत नाही. बघणाऱ्याला ती पडीक जागाच वाटते. पण तिथं बैल फिरले नाहीत तर दाणा घरी येत नाही. शास्त्रीबुवांनी खळ्यात घर बांधलं. बैलानं फिरायचं कुठं?"

"पुस्तकात खळ्याचा उल्लेख नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असणार."

सखोजींनी हळूच तिची ओढणी ओढली. "गजरे, पुरे."

राजे मात्र मागे हटले नाहीत. "ते खरं असेल. पण कायदा तो कायदा. रिकामी दिसली की सरकारजमा."

"मग करा की जमा, महाराज," गजरा म्हणाली. "मी तेच सांगणार होते. आजपासून ती पट्टी तुमच्या नावावर. सरकारी जागेत तुमच्या हुकुमाशिवाय कुणाला खुंटीसुद्धा ठोकता येत नाही. शास्त्रीबुवांनापण नाही."

राजांनी पडद्यावरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"म्हणजे मी जागा घ्यायची आणि तिच्यात काहीच ठेवायचं नाही?"

"होय, महाराज."

"मग जप्त करून मला मिळालं काय?"

"गडावरचा संगणक."

राजे आधी मिशीत हसले, मग मोठ्याने, मग इतके की पालखीचे भोईही हसू लागले. शास्त्रीबुवा सगळ्यात शेवटी हसले. राजांनी तिथल्या तिथे एक एमबी सरकारजमा केल्याचा हुकूम लिहवला, सखोजींचं काम हयातभर कायम केलं आणि दोन्ही संगणकांचा कारभार गजराच्या हाती दिला. हमालांना गूळपाणी देऊन परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखोजींनी शेताला पाणी दिलं, दुपारची वाट न बघता गडावर गेले आणि संगणक सुरू केला.